ऐकणारा
१९७७ साली ‘व्हॉयेजर-१’ यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अवकाशात गेली. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान उडालं ५ सप्टेंबरला; बाई गेल्या १६ला. भैरवी आता दोन हजार चारशे कोटी किलोमीटरांपलीकडे आहे. (एवढी शून्यं मी बँकेत पाहिलीत, पण दुसऱ्यांच्या खात्यांत.) ऐकणारा नसेल तर गाण्याला गाणं म्हणावं का, यावर डबा खाताना मी तावातावानं बोलतो. आणि इथं कोलशेतला वरच्या मजल्यावरची मुलगी पहाटे साडेपाचला भैरव घोटते, तर सोसायटीच्या तक्रारवहीत पहिली सही माझी! परवापासून तिचा रियाज बंद आहे. साडेपाचला जाग येते ती येतेच. छताकडे बघत पडतो.

“आता तरी झोपा की,” बायको म्हणते.