पिशवी गेली, चक्र राहिलं

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम या बीडला लागून असलेल्या तालुक्यांत ‘पिशवी काढली’, म्हणजे गर्भाशय काढलं, हे बायका इतक्या सहज सांगतात, की ऐकणाऱ्याला दाढ काढल्याचं वाटावं. वय विचारावं तर तीस, बत्तीस. कारण विचारावं तर अंगावरून जास्त जायचं, कंबर धरायची, पांढरं जायचं, सोनोग्राफीत पिशवीला सूज निघाली, पुढे कॅन्सर होईल असं डॉक्टर म्हणाले. ही कारणं चारचौघांत बोलता येतात. आणखी थोडं बसलं, घरातले पुरुष उठून गेले, की दुसरं कारण निघतं. पाळीच्या आधीचे आठ दिवस डोकं ठिकाणावर नसायचं. लेकरावर हात उठायचा. कुणी काही बोललेलं नसताना रडू फुटायचं. विहिरीवर गेलं की आत बघत राहावंसं वाटायचं. पाळी आली की दोन दिवसांत सगळं निवळायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. ‘म्हटलं, पिशवीच काढली तर सुटेन एकदाची.’

हे दुसरं कारण केसपेपरवर बहुधा येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या बायकांत ते आणखी गडद होतं. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप उडते, आणि महिन्यातले आठ वाईट दिवस पसरत पसरत वीस होतात. अशी बाई डॉक्टरांपुढे बसून विचारते, पिशवी काढू का? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या उत्तरापर्यंत पोचायला वैद्यकाला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि ते उत्तर आमच्याकडे अजून नीट आलेलं नाही.

बाईच्या मनाचा त्रास गर्भाशयातून उठतो, ही समजूत फार जुनी. प्राचीन ग्रीक वैद्य तर गर्भाशय अंगात भटकतं आणि जिथे जातं तिथे बिघाड करतं असं मानत. आपल्याकडे चरकसंहितेत वीस योनिव्यापदं सांगितली आहेत. त्यांत पाळीच्या वेदनेचा विचार आहे, उपचार आहेत. एकोणिसाव्या शतकात भूल आली, पोट उघडणं शक्य झालं, आणि या समजुतीच्या हातात सुरी आली. १८७२ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने पाळीच्या असह्य त्रासासाठी एका तरुण स्त्रीची अंडाशयं काढली. त्याच वर्षी जर्मनीत आल्फ्रेड हेगार आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनीही अशी शस्त्रक्रिया केली. पुढची वीसपंचवीस वर्षं ही लाटच झाली. वेडाच्या इस्पितळातल्या बायका, चिडणाऱ्या बायका, नवऱ्याला न जुमानणाऱ्या बायका टेबलावर आल्या. कित्येक मेल्या. शतक संपता संपता डॉक्टरांनाच त्याची भीती वाटू लागली आणि लाट ओसरली. बॅटीचा अंदाज मात्र एका बाबतीत बरोबर होता. बोट गर्भाशयाकडे नाही, अंडाशयाकडे दाखवायला हवं होतं. त्याने तो अंदाज कुणावर, कशासाठी आणि काय किमतीत वापरला, तो भाग भयंकर होता.

१९३१ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्व ताणाचं वर्णन करून त्याचा संबंध संप्रेरकांशी जोडला. १९५३ मध्ये लंडनच्या कॅथरीना डाल्टन यांनी रेमंड ग्रीन यांच्यासोबत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून या त्रासाला आजाराचं नाव दिलं. डाल्टन यांनी प्रोजेस्टेरॉन देऊन तो बरा करण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. त्यांचा उपाय पुढे टिकला नाही, पण बाईच्या तक्रारीवर विश्वास ठेवायचा, तारखांशी ती ताडून पाहायची, ही त्यांची सवय टिकली. मला त्यांचं हे काम मोठं वाटतं.

गाठ सुटली ती १९९० च्या दशकात, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत. पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पाळीपूर्व त्रास असलेल्या स्त्रियांना औषध देऊन पाळी लवकर आणली. रक्तस्राव होऊन गेला, तरी मनाचा त्रास आपल्या ठरल्या दिवशीच आला. म्हणजे त्रासाला गर्भाशयातून होणाऱ्या रक्तस्रावाची गरज नव्हती. १९९८ मध्ये त्यांनी इंजेक्शनने अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवलं. अनेक स्त्रियांचा त्रास गेला. मग इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या प्रमाणात पुन्हा दिलं, तेव्हा त्रास परतला. हीच संप्रेरकं, याच प्रमाणात, त्रास नसलेल्या स्त्रियांना दिली तर त्यांना काहीच झालं नाही. बिघाड संप्रेरकांच्या मापात नव्हता. त्यांच्या चढउताराला काही जणींचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो, हे त्यातून दिसलं. पाळी येणाऱ्या शंभर स्त्रियांत साधारण तीन ते आठ जणींना हा त्रास आजार म्हणण्याइतका तीव्र असतो. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने त्याला नैराश्याच्या आजारांत स्वतंत्र जागा दिली. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत अंडाशयांचा ताल बिघडतो, चढउतार बेशिस्त होतात, म्हणून अशा स्त्रियांना तो काळ जास्तच जड जातो.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे, पण ती तालुक्याच्या दवाखान्यात कुणी बाईला सांगत नाही. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर रक्त थांबतं, चक्र थांबत नाही. अंडाशयं दर महिन्याला आपलं काम करत राहतात आणि मेंदू त्यांना तसाच प्रतिसाद देत राहतो. अंगावर जास्त जाण्याचा, पाळीतल्या दुखण्याचा त्रास गेल्याने बाईला पुष्कळ हलकं वाटेल, हे खरं. पण ते आठ दिवस येतच राहतात. उलट आता पाळी नाही, त्यामुळे ते कधी येतात हे कळण्याची खूणही गेली. आधी तिला, तिच्या सासूला, नवऱ्याला निदान एवढं तरी माहीत होतं की पाळी जवळ आली की ही अशी होते. पिशवी गेल्यावर तोच त्रास बिनतारखेचा होतो, आणि बिनतारखेच्या त्रासाला घरात एकच नाव मिळतं: हिचा स्वभाव. मला या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय इथे दिसतो. अवयव गेला, दुखणं राहिलं, आणि ते दुखणं आहे हे सिद्ध करण्याचं साधनही गेलं.

अंडाशयं काढली तर चक्र खरोखर थांबतं. म्हणून ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाची मार्गदर्शक तत्त्वं अगदी तीव्र त्रासात, बाकी सगळे उपाय थकल्यावर, ही शस्त्रक्रिया मान्य करतात. पण आधी इंजेक्शनने काही महिने अंडाशयं थांबवून त्रास जातो का हे पाहायचं, अशी अट आहे. मग त्यांच्यासोबत गर्भाशयही कशाला काढायचं? कारण चाळिशीत अंडाशयं गेली की हाडं आणि हृदय सांभाळायला इस्ट्रोजेन घ्यावं लागतं. गर्भाशय असेल तर अस्तर वाढू नये म्हणून प्रोजेस्टेरॉनही द्यावं लागतं, आणि तेच काही जणींचा त्रास परत आणतं. गर्भाशय काढण्याचं कारण इतकं बारीक आहे. भरपाईची औषधं न देता पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेल्या स्त्रियांत हाडं ठिसूळ होणं, हृदयविकार, स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो, हे मेयो क्लिनिकच्या दीर्घ अभ्यासांनी दाखवलं आहे.

आपल्याकडे हा विचार दुसऱ्याच वाटेने गेला. १९८९ मध्ये राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. यातले बरेच जंतुसंसर्ग गोळ्यांनी बरे होणारे होते. खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, यापलीकडे बघा, असं तो अभ्यास सांगत होता. सरकारी व्यवस्था पलीकडे बघायला फार उशिरा तयार झाली. ती मोकळी जागा खासगी दवाखान्यांनी भरली, आणि तिथे तपासणीपेक्षा शस्त्रक्रिया परवडत होती.

मग १९९४. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. त्यांना पाळी सांभाळता येत नाही, हे कारण. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, शस्त्रक्रिया थांबल्या. पण त्या वेळी एक वाक्य उघडपणे बोललं गेलं होतं, ते विरून गेलं नाही: जिला मूल नको, तिला गर्भाशय कशाला? पंचवीस वर्षांनी तेच वाक्य उसाच्या फडात सापडलं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या. आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सुमारे १७ टक्के. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पाहणी बीडची होती, पण टोळ्या जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. धाराशिवच्या बायकाही त्याच मुकादमांच्या हाताखाली, त्याच कारखान्यांवर जातात.

नवराबायकोचा मिळून एक कोयता. उचल दोघांची, खाडा पडला तर दंडही दोघांवर. पहाटे चारला फड, डोक्यावर मोळी, कोपीजवळ ना न्हाणी ना संडास. पाळीचे चार दिवस तिथे कसे काढायचे? अठराच्या आत लग्न, बावीस-तेवीसला नसबंदी, आणि मग ‘आता पिशवीचं काय काम?’ हा हिशेब घरचे करतात, मुकादम करतो, डॉक्टर करतात, आणि शेवटी बाई स्वतः करते. तिला फसवलं एवढंच म्हणून मी थांबू शकत नाही. कित्येकींनी हा निर्णय विचार करून घेतला. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. हे सगळं हवंच होतं. माझी तक्रार एवढीच की आपली चर्चा इथे येऊन अडली: काढायची की नाही काढायची. परवानगी नाकारलेली बाई घरी काय घेऊन जाते? तेच आठ दिवस.

मधल्या पायऱ्या अवघड नाहीत. सगळ्यात पहिली म्हणजे दोन महिने रोजची नोंद: आज मन कसं, झोप कशी, पाळीचा कितवा दिवस. निदान याच नोंदीवर होतं, सोनोग्राफीवर होत नाही. लिहिता येत नसेल तर कालदर्शिकेवर खूण पुरते. नैराश्यावरच्या गोळ्या या आजारात काही दिवसांतच काम करू लागतात, आणि पाळीपूर्वीच्या पंधरा दिवसांपुरत्या घेतल्या तरी चालतात. त्या महाग नाहीत. विशिष्ट प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्या चक्राचे चढउतार कमी करतात. रक्तस्राव हाच मुख्य त्रास असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडपासून संप्रेरकयुक्त तांबीपर्यंत उपाय आहेत. पन्नाशीजवळच्या बाईला कधीकधी एवढंच सांगावं लागतं की हे संपणार आहे, आणि संपेपर्यंत आपण औषध देऊ.

धाराशिव जिल्ह्याला मनाच्या दुखण्याची भाषा नवी नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि उस्मानाबाद (म्हणजे आताचं धाराशिव) या दोनच जिल्ह्यांत सुरू झालं. प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन उदासी, झोप, जिवाला कंटाळा याबद्दल विचारू लागल्या. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने त्याआधीच गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं होतं. विचारणारी बाई गावात आहे, विचारायचं कसं हेही तिला येतं. जिवाचा कंटाळा कधी येतो आणि पाळीची तारीख काय, हे दोन प्रश्न एकाच कागदावर आणायचे आहेत. कारण कर्जाने आलेली निराशा आणि चक्राने आलेली निराशा एकाच घरात, कधी एकाच बाईत, असू शकते, आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो मराठीतही बोलतो. ज्या बाईचे पाय विहिरीकडे वळतात तिला तो पाठ असायला हवा.

सगळे उपाय करून थकलेली, इंजेक्शनने अंडाशयं थांबवल्यावर आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन महिने शांत झोपलेली बाई जर म्हणाली, आता काढाच, तर तिला थांबवण्याचा अधिकार मी कुणालाही देणार नाही. ना समितीला, ना नवऱ्याला.

आणि ज्यांची पिशवी आधीच गेली आहे, त्यांचं काय? त्या आज पस्तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाच्या अंगातून वाफा निघतात, कुणी महिन्यातले काही दिवस कुणाशी बोलत नाही. शस्त्रक्रियेत अंडाशयं काढली की ठेवली, हे त्यांच्यातल्या अनेकींना सांगितलेलंच नाही. डिस्चार्ज कार्ड कोपीत भिजलं, नाहीतर घर बदलताना हरवलं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा बायकांची यादी व्हावी, जिचं कार्ड सापडत नाही तिची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सरकारने करावी. अंडाशयं नसतील तर हाडांची आणि हृदयाची काळजी आजपासून सुरू करता येते. असतील तर तिला सांगता येतं, बाई, तुझी पाळी गेली असली तरी चक्र चालू आहे, महिन्यातले ते दिवस खरे आहेत, आपण त्यांची तारीख शोधू.