मधला शनिवार

उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामध्ये जो एक शनिवार येतो, त्याविषयी आमच्या मंडळ्यांत फारसे बोलले जात नाही. शुक्रवारी दुपारी वधस्तंभाची उपासना होते. रविवारी पहाटे गीते गात लोक बाहेर पडतात. मधला दिवस मंदिर सारवण्यात, आंब्याचे टाळे बांधण्यात व दूरच्या वाडीवरील लोकांस निरोप धाडण्यात निघून जातो. मागे एका उपदेशकबंधूने आम्हांस विचारले की, “पाळकसाहेब, शनिवारी कोणी दुःखी मनुष्य भेटला तर त्यास काय सांगावे? शुक्रवारचे सांगावे की रविवारचे?” प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर आम्हांस लगेच देता आले नाही. प्रिय वाचकहो, त्याच प्रश्नाचा विचार आज करावा असे योजिले आहे.

त्या पहिल्या शनिवारी काय घडले हे शुभवर्तमानांत फार थोडके सांगितले आहे. अरिमथाईच्या योसेफाने पिलाताकडे जाऊन प्रभूचे शरीर मागून घेतले व आपल्या नव्या कबरेत ठेविले, ते शुक्रवारी. यहूदी लोकांचा दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्यामुळे संध्याकाळ होताच शब्बाथ लागला. गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी कबर पाहिली, शरीर कसे ठेविले तेही पाहिले, आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथाचा विसावा घेतला, इतकेच लूक लिहितो. शिष्यांनी तो दिवस कसा घालविला, हे कोणीच सांगत नाही. मात्र मत्तयाने एक विलक्षण गोष्ट नमूद केली आहे. प्रभूने तिसऱ्या दिवसाविषयी जे सांगितले होते, ते त्या दिवशी कोणास आठवले? तर मुख्य याजकांस व परूश्यांस! मित्र विसरले आणि शत्रूंनी लक्षात ठेविले. त्यांनी पहारा मागून घेतला व धोंड्यावर मोहर केली. हा भाग वाचताना आम्ही नेहमी थबकतो. वचन तोंडपाठ असणे निराळे आणि त्याची वाट पाहणे निराळे, हे येथे स्पष्ट दिसते.

आता त्या स्त्रियांकडे पाहा. त्यांनी सुगंधी द्रव्ये सिद्ध केली होती. ती शब्बाथापूर्वी तयार केली असे लूक म्हणतो. शब्बाथ संपल्यावर विकत घेतली असे मार्क म्हणतो. (जवळ होती ती अगोदर तयार केली व उणी पडली ती शनिवारी सूर्य मावळल्यावर आणली, असे कोणी समजल्यास आमची हरकत नाही, यावर वाद घालून वेळ दवडू नये.) मुद्दा असा की, ही द्रव्ये मृताच्या शरीरास लावावयाची होती. जो उठणार आहे त्याच्यासाठी कोणी ती सिद्ध करीत नाही. म्हणजे या स्त्रियांस पुनरुत्थानाची अपेक्षाच नव्हती. पहाटे जावे, प्रिय गुरूच्या देहाची शेवटची सेवा करावी, आणि तो मोठा धोंडा कोण लोटून देईल ही काळजी, एवढेच त्यांच्या मनात होते. तरीही सर्व जगातील पहिली आनंदवार्ता त्यांसच मिळाली. आम्ही सेमिनरीत शिकत असताना, विश्वास म्हणजे मनाची खात्री, अशी समजूत धरून बसलो होतो. या स्त्रियांनी ती मोडली. त्यांच्यापाशी खात्री नव्हती. प्रीती होती, आज्ञापालन होते, आणि उजाडण्यापूर्वी उठून जाण्याचा निश्चय होता.

यावरून यिर्मयाची गोष्ट आठवते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा घातला होता, आणि संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. नगर पडणार असे तोच सांगत आला होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणाला की, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. व्यवहार जाणणारा कोणीही शेतकरी हसला असता. यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखत केले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि कागद पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून बारूखाकडून ते मातीच्या मडक्यात ठेवविले. ज्यांनी जमिनीचे कागद पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे जपले आहेत, त्यांस याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. परंतु या गोष्टीचा पुढचा भाग आमचे पुष्कळ उपदेशक वाचीत नाहीत. खत मडक्यात गेल्यावर यिर्मया प्रार्थना करू लागला, आणि त्या प्रार्थनेत त्याचा गोंधळ लपत नाही: नगर शत्रूच्या हाती जात असता मला शेत घ्यावयास का सांगितलेस? आज्ञा आधी पाळली. शंका मागाहून आली, आणि ती त्याने देवासमोरच मांडली. पुढे त्या शेतात तो नांगर धरावयास गेला असे कोठे लिहिलेले नाही. लोक त्यास मिसर देशात घेऊन गेले.

इब्री भाषेत आशेस “तिक्वा” असा शब्द आहे. राहाबेने आपल्या खिडकीला जी किरमिजी दोरी बांधली, तिच्यासाठीही यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द येतो. खोल विहिरीत पोहरा सोडला म्हणजे तो दिसेनासा होतो. हाताला फक्त दोराचा ताण कळतो. वाट पाहणाऱ्याच्या हाती पुष्कळदा इतकेच असते.

परंतु हात बांधून बसणे यास आम्ही वाट पाहणे म्हणत नाही. अवर्षणाच्या साली घरातले धान्य सरत आले असता, बियाण्याची कणगी लिंपून बंद ठेवणाऱ्या बाईला विचारा. मुले भुकेने रडत असली तरी ती कणगीस हात लावू देत नाही. मृगाचा पाऊस पडेलच असे तिला कोणी लिहून दिलेले नसते. आमच्या महाराष्ट्रातील मिशनच्या कामाचा आरंभही काहीसा असाच झाला. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. मराठी शिकावी, शाळा घालाव्यात, शास्त्राचे भाषांतर करावे, रस्त्यात उभे राहून सुवार्ता सांगावी, असा त्यांचा क्रम १३ वर्षे चालला. हाती पीक म्हणावे असे जवळजवळ काही लागले नाही. १८२६ साली गावोगाव फिरत असता पटकीच्या रोगाने त्यांस देवाज्ञा झाली. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून निघाला. पुढे झालेल्या मंडळ्या त्यांच्या दृष्टीस पडल्या नाहीत.

आता आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका विधवा बाईचा एकुलता एक मुलगा तापाने वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हा शनिवार आला. आम्ही तिच्या घरी गेलो तो ती मोठ्याने रडत होती आणि शेजारच्या बाया दाराशी उभ्या होत्या. आम्ही म्हणालो, “बाई, उद्या पुनरुत्थानाचा दिवस आहे. ख्रिस्ती माणसाने असे रडू नये. हे लोक काय म्हणतील?” तिने पदराने डोळे पुसले व म्हणाली, “साहेब, उद्या आहे ना? मग आजच्या दिवस तरी मला रडू द्या.”

घरी परत येताना वाटेत आम्हांस आमची लाज वाटली. आम्हांस तिच्या विश्वासाची काळजी नव्हती. आपल्या मंडळीच्या लौकिकाची काळजी होती. कोणी म्हणतील की, त्या पहिल्या स्त्रियांस पुढचे ठाऊक नव्हते, आपणांस ठाऊक आहे, तेव्हा आपला शोक निराळा असला पाहिजे. हे खरे आहे. प्रेषित पौलही थेस्सलनीकेच्या मंडळीस हेच सांगतो. परंतु आशाहीनांसारखा शोक करू नका, असे तो म्हणतो. शोकच करू नका, असे म्हणत नाही. आणि लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला, तेव्हा थोड्याच वेळाने आपण काय करणार हे त्यास पक्के ठाऊक होते. ज्यास सर्व ठाऊक होते तो रडला! मग आम्ही कोणाचे रडे कोणत्या अधिकाराने बंद करावे? मृतांचे पुनरुत्थान सत्य आहे म्हणून शनिवार खोटा ठरत नाही. तो देवानेच मध्ये ठेविला आहे, आणि त्याचे २४ तास कोणासही चुकत नाहीत. म्हणून त्या उपदेशकबंधूस आम्ही मागाहून असे कळविले की, शनिवारी भेटलेल्या मनुष्यास आधी काहीच सांगू नका. त्याच्या ओट्यावर बसा. त्याने विचारले म्हणजे रविवारचे सांगा, आणि ते सांगताना आवाज चढवू नका.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कंदिलात तेल घालावयास मंदिरात गेलो, तेव्हा ती बाई आमच्याआधी तेथे आली होती. दरवर्षी रविवारसाठी जमीन सारवण्याचे काम तिचेच असे. तिने पदर खोचला होता, आणि डोळ्यांतले पाणी मनगटाने पुशीत ती एकेक हात पुढे सारवीत चालली होती. आम्ही एक शब्दही बोललो नाही. बादली रिकामी झालेली दिसली, ती उचलून विहिरीवर गेलो.