ओस नसलेल्या गावाचा खेळ

गेल्या दीड दशकात व्हिडिओ गेमचा असा एक प्रकार रुजला आहे, की ज्यात खेळणाऱ्याला कोणाशी लढायचे नसते, ठरावीक वेळेत काही गाठायचे नसते आणि हरण्याचे भयही नसते. माणसांनी सोडून दिलेल्या एखाद्या जागेतून त्याने संथपणे चालत जायचे आणि उघड्या खणातले पत्र, भिंतीवरचे छायाचित्र, टेबलावर राहून गेलेला पेला अशा खुणांवरून तिथे काय घडले याची संगती आपली आपणच लावायची असते. 'वॉकिंग सिम्युलेटर', म्हणजे नुसत्या चालण्याचा आभास देणारा खेळ, हे नाव या प्रकाराला आधी हिणवण्यासाठी दिले गेले. परंतु 'डिअर एस्थर' (२०१२) आणि 'गॉन होम' (२०१३) या खेळांनंतर तेच नाव रूढ झाले. गोव्यातील 'फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह'चा 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१) हा लहानपणीच्या घराचा निरोप घेण्याविषयीचा खेळ याच संथ परंपरेच्या जवळचा आहे.

माणसे वगळून त्यांची जागा दाखवणाऱ्या या प्रकारातला नैतिक पेच बंगळुरूइतका ठळकपणे क्वचितच कुठे उभा राहत असेल, कारण संगणकीय खेळ रचणाऱ्यांच्या या शहरापासून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स, अर्थात केजीएफ, आहे. ज्याच्या नावाचा लॅव्हेल रोड आज बंगळुरूच्या महागड्या भागात मोडतो, त्या मायकेल लॅव्हेलने १८७०च्या दशकात म्हैसूर सरकारकडून तिथल्या खाणकामाचा परवाना मिळवला. १८८०पासून लंडनच्या 'जॉन टेलर अँड सन्स'ने खाणी चालवल्या. १९०२मध्ये शिवनसमुद्रची जलविद्युत तिथे पोहोचली, तेव्हा खुद्द बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागायला आणखी तीन वर्षे होती. 'चॅम्पियन रीफ' ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी, खाणी पुढे ज्या कंपनीकडे आल्या त्या 'भारत गोल्ड माइन्स'चे काम थांबले, पाणी उपसणारे पंप बंद पडले आणि खालचे बोगदे पाण्याने भरत गेले.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. एक आहे बंगळुरूतील मराठी घरातली तरुण रचनाकार, जिला केजीएफवर असा संथ खेळ रचायचा आहे. दुसरे आहेत तिला एकेकाळी इतिहास शिकवणारे, आता निवृत्त झालेले प्राध्यापक.

रचनाकाराने आपला आराखडा मांडला: शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरांवरचे, लोखंडी मनोरे, सोने काढून उरलेल्या मातीचे सायनाइडचे डोंगर, बंगल्यांची रांग, आणि या सगळ्यातून एकटाच हिंडणारा खेळाडू.

"पण ते गाव ओस आहे असे तुला कोणी सांगितले?" प्राध्यापकांनी विचारले. "पहाटे मारिकुप्पम स्थानकातून सुटणाऱ्या गाड्या बंगळुरूला कामाला येणाऱ्यांनी भरलेल्या असतात. तुझ्या कचेरीच्या दारावरचा पहारेकरी त्याच गाडीने येत असेल. खाण बंद झाली. गाव राहते आहे. राहत्या गावातून माणसे पुसून टाकायची आणि उरेल त्याला सुंदर म्हणायचे, हे कसे चालेल?"

"सर, माणसे वगळण्यामागे तुच्छता नाही," ती म्हणाली. "खेळात एक माणूस उभा करायचा म्हणजे त्याचा चेहरा, चाल, आवाज आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार करावे लागते, चारपाच जणांच्या गटाला ते परवडत नाही. शिवाय समोर माणूस आला की खेळाडू त्याच्या तोंडाकडे बघून पुढे काय करायचे ते विचारू लागतो. कोणी नसले की तो भिंतीकडे, पायरीच्या झिजेकडे बघतो. एकटेपणामुळे लक्ष जागे होते."

हे म्हणणे खोडण्याजोगे नाही. लहान गटांनी आपली मर्यादाच शैली केली आणि त्यातून या माध्यमाला निरीक्षणाची सवय लागली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. प्राध्यापकांनीही ते नाकारले नाही. त्यांनी प्रश्न वेगळीकडे वळवला.

"लक्ष जाईल, पण कशावर? 'गॉन होम' हे १९९५मधले एका सुखवस्तू अमेरिकन कुटुंबाचे घर आहे. तिथे चिठ्ठ्या आहेत, कॅसेट आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे. ज्यांच्याजवळ कागद आणि कपाट असते त्यांचीच गोष्ट अशा खेळात सापडते. केजीएफमध्ये बंगला साहेबाचा होता, नोंदवही कंपनीची होती. उत्तर अर्काटातून आलेल्या दलित मजुरांची कुटुंबे रांगेतल्या एवढ्याएवढ्या खोल्यांत राहिली. त्यांच्या मागे वाचायला काय उरले? कंपनीच्या दप्तरात त्यांची खूण शोधायची तर बोटांच्या ठशांकडे जावे लागते, आणि ठसे घेऊन नोंदणी करण्याच्या त्या पद्धतीविरुद्धच कामगारांनी १९३०मध्ये संप केला होता. तुझ्या खेळाडूने खण उघडावा आणि जे द्यायला माणसाने नकार दिला तेच त्याच्या हाती लागावे, हे तुला चालेल?"

हा आक्षेप एका खेळापुरता नाही. मागे राहिलेल्या वस्तूंवरून कथा उलगडण्याची ही रीत, जिला खेळांच्या परिभाषेत परिसरकथन म्हणता येईल, वस्तू मागे ठेवू शकणाऱ्या वर्गाच्या बाजूने मुळातच झुकलेली आहे, आणि रचनाकार कितीही सहृदय असला तरी तो झुकाव आपोआप सरळ होत नाही.

रचनाकार बराच वेळ विचार करत राहिली आणि मग तिने आराखडाच उलटा केला. "मग खेळ जमिनीवर नकोच. जी जागा खरोखर सुटली आहे ती खाली आहे. त्या बुडालेल्या बोगद्यांत आज कोणालाही जाता येत नाही, छायाचित्रकारालासुद्धा नाही; तिथला एकांत कोणाला पुसून तयार केलेला नसेल. आणि कागदांऐवजी निवृत्त खाणकामगारांचे आवाज असतील, त्यांच्या संमतीने, मानधन देऊन, त्यांच्याच तमिळमध्ये."

"खालचा एकांत तरी खरा आहे का?" प्राध्यापक म्हणाले. "सर्वांत खोल पातळ्यांवर खडकाचे तापमान साठ अंश सेल्सियसच्या पुढे जाई. रॉकबर्स्टमध्ये, म्हणजे दाबाने खडक एकाएकी फुटून, तिथे माणसे मेली. तुझा खेळाडू वातानुकूलित खोलीत बसून तिथे हिंडणार."

"घाम त्याला येणार नाही, हे मान्य. पण त्याला धावता येणार नाही असे करता येते. कामगारांना नेणारा पिंजरा खाली जायला खरोखर जितका वेळ लागे तितकाच वेळ त्याला अंधारात उभे करता येते. दिव्याच्या झोताबाहेर काही दिसणार नाही. संथपणाचा खरा उपयोग तिथे होईल."

यावर प्राध्यापकांनी १९६५ची आठवण करून दिली. त्या वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह, याच खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा पुरावा नोंदवला. न्यूट्रिनो हे पदार्थातून जवळजवळ अडथळ्याविना आरपार जाणारे सूक्ष्म कण असल्याने, इतर वैश्विक किरणांचा गोंगाट अडवायला तेवढा खडक डोक्यावर लागत होता. "जगात दुर्मीळ असलेली ती शांतता शास्त्रज्ञांना आयती मिळाली नव्हती, कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या खडक फोडला होता, म्हणून तिथे उभे राहायला जागा होती. तुझ्या खेळाडूलाही एकांत मिळेल तो कोणाच्या तरी श्रमातून. तेवढे त्याला खेळाच्या आतच कळले पाहिजे, शेवटच्या श्रेयनामावलीत नव्हे."

"ते आवाजांतून कळेल."

"इथेच अडचण आहे. या प्रकारच्या खेळात शरीराविना आवाज ऐकू आला की तो मेलेल्याचा, हा संकेत तुम्हीच घडवला आहे. 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर'मध्ये सगळे गाव नाहीसे झालेले आहे आणि प्रकाशाच्या आकृती बोलतात. तुझे म्हातारे जिवंत आहेत, पण खेळाडू त्यांना भुते समजेल. म्हणजे वर वाचवलेली माणसे तू खाली नेऊन मारलीस."

या आक्षेपाला तिच्याजवळ तयार उत्तर नव्हते. प्रत्येक आवाजाने बोलण्याआधी ध्वनिमुद्रणाचे वर्ष सांगावे, असे तिने सुचवले. दूरदेशीच्या खेळाडूला २००१ या वर्षाचाच अर्थ ठाऊक नसेल, तर त्यानंतरचे वर्ष ऐकून त्याला काय उमगणार, असे प्राध्यापकांनी विचारले. तेव्हा तिने ठरवले की पिंजरा सुटण्यापूर्वी, शाफ्टच्या तोंडाशी, पहिल्याच आवाजाने खाण बंद झाल्याची तारीख सांगायची आणि लगेच आज सकाळी आपल्या घरातले कोण कोणत्या गाडीने बंगळुरूला गेले तेही सांगायचे. प्राध्यापकांना हे पटले, मात्र त्यांची एक अट राहिली: हे वाक्य रचनाकाराने लिहायचे नाही, बोलणाऱ्याने आपल्या मनाने बोलायचे, आणि तो खाणीऐवजी राहत्या घराच्या मालकीविषयीच बोलत राहिला तरी ते कापायचे नाही. तसे झाले तर खेळाची सुरुवात लांबेल, असे ती म्हणाली. आणि किती लांबू द्यायची, यावर दोघांचे एकमत झाले नाही.