धडा आणि उणीव

ऑक्टोबर २०२३मधल्या हमासच्या हल्ल्यापासून गाझाच्या सीमेवरच्या नाहल ओझ या किबुत्झचं, म्हणजे सामायिक शेतीवस्तीचं, नाव आपल्याकडच्या लेखांतही येऊ लागलं. त्याच्यासोबत हटकून येतं ते इस्रायलचे तेव्हाचे सेनाप्रमुख मोशे दायान यांचं १९५६चं भाषण. ‘त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं’ असं म्हणून लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळतात. ते भाषण ज्या तरुणाच्या दफनाच्या वेळी झालं, त्याच्यावर मात्र दोन ओळीही खर्ची पडत नाहीत. त्याचं नाव रोई रोटबर्ग. वय २१.

नाहल ही लष्करी सेवा आणि शेती एकत्र करणारी तरुणांची पथकं. अशाच एका पथकाने १९५१मध्ये इथे ठाणं उभारलं आणि १९५३मध्ये ते नागरी किबुत्झ झालं. रोई तेल अवीव सोडून इथे आला, बायको आणि तान्ह्या मुलासह राहिला. वस्तीच्या संरक्षणाची जबाबदारी त्याच्याकडे होती. १९५६च्या एप्रिलमध्ये किबुत्झात चार जोडप्यांची लग्नं होणार होती आणि त्यासाठी खुद्द सेनाप्रमुख दायान येणार होते. २९ एप्रिलला सीमेपलीकडची काही माणसं शेतात शिरलेली दिसली, म्हणून रोई त्यांना हुसकावायला घोड्यावरून गेला. तो सापळा होता. त्याला मारून मृतदेह सीमेपलीकडे नेला गेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने विटंबना झालेल्या अवस्थेत परत मिळाला. दुसऱ्या दिवशी दायान बोलले.

भाषण ताकदीचं आहे यात वाद नाही. हल्ली ते उद्धृत करणारे जो भाग गाळतात तो तर विलक्षणच आहे. मारेकऱ्यांना दोष देऊ नका, त्यांच्या वाडवडिलांची जमीन आपण कसतो आहोत आणि छावण्यांत बसून ते आठ वर्षं हे पाहत आहेत, असं सेनाप्रमुखाने कबरीपाशी सांगितलं. गाझा पट्टीत तेव्हा सुमारे दोन लाख निर्वासित होते. एवढं कबूल करणारा नेता त्या काळात दुसरा सापडणं कठीण. पण त्या कबुलीतून त्यांनी काय निष्कर्ष काढला? तलवार हातातून सुटू द्यायची नाही, एवढाच. आणि रोईचा दोष काय, तर शांततेच्या ओढीने त्याला आंधळं-बहिरं केलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. रोई पहाऱ्याचा माणूस होता. त्या सकाळी तो फिरायला निघाला नव्हता, धोका दिसला म्हणूनच त्या दिशेने गेला. दक्ष माणसाला दक्षतेच्या कामातच मरण आलं. त्याला भोळा ठरवण्याची गरज त्याच्या आयुष्यातून आलेली नाही, भाषणाला ती हवी होती. दायान यांचं मत तर आधीच तयार होतं. १९५३चा किब्या या पॅलेस्टिनी गावावरचा इस्रायली छापा झाला तेव्हा रोई जिवंत होता. १९५६च्या एप्रिलच्या सुरुवातीला इस्रायली तोफांच्या माऱ्यात गाझा शहरात पन्नासहून अधिक नागरिक मेले, तेव्हाही तो जिवंत होता. प्रत्युत्तराचं धोरण त्याच्या मरणातून उपजलेलं नाही. आधीपासूनच्या धोरणाला त्याचं मरण जोडलं गेलं, आणि सहा महिन्यांत इस्रायली सैन्य इजिप्तच्या सिनाईत शिरलं.

याला भविष्यवाणी म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. ज्या धड्याचं पालन एक देश पुढे सदुसष्ट वर्षं करतो आणि तरीही त्याच नाहल ओझच्या लगतच्या तळावर एका सकाळी पन्नासहून अधिक सैनिक मारले जातात, तो धडा खरा ठरला की अपुरा? त्यानंतर गाझात हजारोंनी माणसं मेली. त्यांच्या मरणातूनही कुणी ना कुणी तलवारीचाच धडा काढत असेल.

दुसऱ्या टोकाला, वसाहतीच्या सैनिकाबद्दल हळहळायचं कशाला, असं म्हणणारे आहेत. २१ वर्षांच्या माणसाविषयी ज्यांना एवढंच सुचतं त्यांच्याशी माझा वाद नाही.

माणूस आठवण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत त्याच्या मरणाचा धडा होतो, दुसरीत त्याची उणीव राहते. धडा कुठेही नेता येतो, आपल्या अग्रलेखातसुद्धा. उणीव जागा सोडत नाही. किबुत्झच्या जुन्या सामायिक जगण्यात तर ती रोज हाताला लागायची. तिथे कामवाटपाची यादी भोजनगृहात लागायची आणि गोठ्यातली पहाटेची पाळी रिकामी ठेवता येत नसे. कपडे सार्वजनिक धोबीखान्यात जायचे, कुठला कुणाचा ते कळावं म्हणून त्यांवर नंबर असायचे. माणूस गेला की त्या नंबरच्या सदऱ्यांचं काय करायचं हे कुणाला तरी ठरवावं लागायचं.

किबुत्झांमध्ये युद्धात गेलेल्यांच्या स्मरणपुस्तिका काढण्याची रीत आहे: पत्रं, फोटो, सोबत्यांच्या आठवणी. साधा, नम्र, कष्टाळू ही विशेषणं त्यांत जवळपास प्रत्येकाला लागतात, म्हणून अभ्यासक त्यांना साचेबंद म्हणतात. विशेषणं साचेबंद असतीलही. पण कुणी कोणतं काम आवडीने करत होता, हे सोबती लिहितात तेव्हा तो त्या एकाचाच तपशील असतो. या पुस्तिका निष्पाप आहेत असं मी म्हणत नाही. शेत आधी कुणाचं होतं हे त्याही सहसा सांगत नाहीत.

उणीव कशी सांभाळली जाते याचं एक उदाहरण म्हणजे बेत हशिता हे हारोदच्या खोऱ्यातलं किबुत्झ. १९७३च्या युद्धात तिथले ११ जण गेले, आणि एवढ्याशा गावाला ते पेलण्यासारखं नव्हतं. किबुत्झ निधर्मी. तरीही १९९०मध्ये तिथे राहायला आलेल्या याइर रोझेनब्लुम या संगीतकाराने योम किप्पुर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या एका जुन्या प्रार्थनेला चाल लावली, ती त्या गावासाठी. येत्या वर्षी कोण जगेल आणि कोण नाही, हे माणसाच्या हाती नसतं, असं सांगणारी ती प्रार्थना. तिच्यात शत्रूचा उल्लेख नाही आणि मेलेल्यांचा दोषही काढलेला नाही. आज ती चाल इस्रायलभर, सिनेगॉगांतूनही गायली जाते. सतरा वर्षं उणीव सांभाळलेल्या लोकांनी तिला लगेच अर्थ चिकटवला नाही, म्हणून त्या चालीत परक्यालाही जागा मिळते.

मला महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. धडा घेणाऱ्याला समोरच्याचा मृत्यू पुरावा म्हणूनच दिसतो. उणीव सोसणाऱ्याला सीमेपलीकडच्या छावणीतल्या घरातही एक ताट कमी वाढलं जातं हे समजू शकतं. समजेलच असं नाही. पण धड्याच्या वाटेने ते कधीच समजणार नाही, याबद्दल मला शंका नाही.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला किबुत्झ माहीत झालं ते ठिबकमुळे. १९६५मध्ये हात्झेरिमच्या किबुत्झात त्या नळ्यांचा कारखाना निघाला. इस्रायलशी आपली ओळख शेतातून झाली असताना त्याच्याविषयी लिहिताना आपण फक्त बंदूक उचलावी, हे बरं नाही. दायान यांचं भाषण यापुढेही उद्धृत होईल. निदान त्याआधी रोई कोण होता, काय काम करत होता आणि ती जमीन पूर्वी कुणाची होती, हे लिहा. तेवढी जागा नसेल तर भाषणही वगळा.