पाणपोई कोणाच्या जागेत?

उन्हाळ्यात वाटेवरच्या पाणपोईवर आपण पाणी पितो आणि चालू लागतो. रांजण कोण भरतो, जागा कोणाची, हे कोणी विचारीत नाही. पाणी गार असते आणि आपल्याला घाई असते. परंतु ज्या पाण्यावाचून साऱ्या गावाचे अडेल, त्याविषयी हे दोन प्रश्न न विचारणे हा नुसता भाबडेपणा म्हणावा, की कर्तव्यातली कसूर?

संगणकाच्या जगात अशी एक पाणपोई आहे. तिला मुक्तस्रोत म्हणतात. कोणी प्रोग्रॅम लिहितो आणि त्याचा कोड जगापुढे उघडा ठेवतो. ज्याला हवा त्याने तो वापरावा, सुधारावा, दुसऱ्यास द्यावा. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्स नावाच्या अशाच खुल्या कामावर उभा आहे.

आता पहिला प्रश्न. रांजण कोण भरतो? इंटरनेटवरच्या असंख्य व्यवहारांना कुलूप घालणारा ओपनएसएसएल हा असाच खुला प्रोग्रॅम. २०१४ साली त्यात 'हार्टब्लीड' नावाचा घातक दोष सापडला, तेव्हा लोकांना कळले की या कामाला पूर्ण वेळ वाहिलेला मनुष्य एकच होता आणि देणग्या येत त्या वर्षाकाठी सुमारे २००० डॉलरच्या. बड्या बड्या कंपन्या तेच पाणी पीत होत्या. रांजणाला तडा गेल्यावर त्यांनी पैसे एकत्र केले. तरी २०२४ मध्ये एक्सझेड या प्रोग्रॅमची कथा घडलीच. तो बराच काळ एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. थकलेल्या त्या माणसाच्या मदतीला जो धावून आला, त्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि मग कोडमध्ये चोरदरवाजा ठेवला.

दुसरा प्रश्न जागेचा. लिनक्सची मंडळी २००२ पासून कोडच्या नोंदी ठेवण्यासाठी बिटकीपर नावाचे एका कंपनीचे साधन फुकट वापरीत. २००५ साली कंपनीने ती सवलत काढून घेतली. तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी थोड्याच दिवसांत गिट हे साधन स्वतः रचले. त्यात प्रत्येकाजवळ साऱ्या इतिहासाची पूर्ण प्रत राहते. कोणा एका मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आणि गंमत अशी, की त्याच गिटच्या नावाने २००८ मध्ये गिटहब ही पेढी निघाली आणि जगभरचा बराचसा खुला कोड सोयीपायी पुन्हा एकाच मालकाच्या आवारात बिऱ्हाडाला आला. २०१८ साली ते आवार मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमिया येथील प्रोग्रॅमरांच्या खात्यांवर बंधने आली. इराणपुरती ती २०२१ मध्ये उठली. येथे मालक दुष्ट नव्हता. तो आपल्या देशाचा कायदा पाळीत होता. पण बिऱ्हाडकरूचा तरी दोष काय होता? कोड उचलून नेता येतो, हे खरे. दोषांच्या नोंदी, चर्चा, येणारी-जाणारी माणसे मात्र मागे राहतात. भांडीकुंडी हलवता येतात, शेजार हलवता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, जो फुकट जागा देतो त्यालाच बोल लावणे ही कृतघ्नता नाही काय? माझा बोल त्याला नाही, पिणाऱ्यांना आहे. दात्याने किती द्यावे हे त्याच्या मनावर. घेणाऱ्याने मागे काय ठेवावे, हे घेणाऱ्याच्या विवेकावर. हा विवेक क्वचित दिसू लागला आहे. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा कामांसाठी निधी काढला. बंगळूरच्या झेरोधा कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. बर्लिनची कोडबर्ग ही संस्था तर सभासदांची वर्गणी आणि देणग्या यांवर कोड ठेवण्याची जागा चालविते. ती गिटहबइतकी प्रशस्त नाही. पण वर्गणीचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. गावोगावची कित्येक वाचनालये तिच्यावरच उभी राहिली. वर्गणीदार काही आवाराचा मालक होत नाही, परंतु तो आश्रितही राहत नाही. सभेत उभे राहून त्याला हिशेब विचारता येतो. फुकट पिणाऱ्याला तो अधिकार कोण देणार?