आधी पाणी, मग नाव

दिवाळीच्या सुटीपूर्वीचा शेवटचा दिवस होता. वर्गात फाळणीचा धडा चालला होता आणि मुलांचे मन केव्हाच किल्ल्याच्या मातीत जाऊन बसले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, कोण कोणत्या बाजूचा, हे मारणाऱ्यांना कळायचे कसे?"

"नाव विचारून," मी सहज म्हणालो आणि म्हणताक्षणीच चपापलो. समोर हजेरीपट उघडा होता. ठाकूर, कातकरी, कुणबी, मुसलमान, सगळ्या घरांतली नावे त्यात एकाखाली एक होती. रोज सकाळी मी ती हाक मारण्यासाठी वाचतो. उद्या कोणी निराळ्याच कामासाठी तो पट मागितला तर?

अशा लढाईला आपल्या भाषेत यादवी म्हणतात. कुरुक्षेत्रावर निदान रणांगण ठरलेले होते. प्रभासतीर्थावर यादव आपसांत भिडले तेव्हा तेही नव्हते. बोलता बोलता भांडण जुंपले आणि समुद्रकाठचे गवत उपटून हाती घेतले, तर त्याची मुसळे झाली! यादवीला शस्त्रागार लागत नाही, हेच ही कथा सांगते. हाताशी असेल ते तिचे शस्त्र; मग ते माणसाचे नाव का असेना.

1947 ची फाळणी ही कागदोपत्री वाटणी असेल. पण गावोगावच्या माणसांना ती यादवीच भोगावी लागली. दीड कोटीच्या आसपास माणसे घरदार सोडून निघाली. कित्येक लाख मेली. त्यांचा नेमका हिशेब कुणालाच लागला नाही. यांत सैनिक ते किती? बहुतेक सारे दुकानदार, शेतकरी, कारागीर, बाया आणि पोरे. युद्ध त्यांनी पुकारले नव्हते आणि ते थांबवणेही त्यांच्या हाती नव्हते.

आम्हां कसारेकरांना हे दूरचे वाटते. पण आमची गाडी कल्याणच्या अलीकडे शहाडला थांबते आणि तिथे उतरले की उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना त्याच बराकींत निवारा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या नगराची कोनशिला बसवली. आजही तिथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असेच म्हणतात. गंमत अशी, की 1936 पर्यंत सिंध आणि ठाणे जिल्हा एकाच मुंबई इलाख्यात होते. म्हणजे परके म्हणून आलेली ही माणसे थोड्याच वर्षांपूर्वी आमच्याच इलाख्यातली होती!

नकाशावर रेघ ओढायला फार दिवस लागत नाहीत. राष्ट्र घडते ते त्यानंतर, कोणी दार लावले आणि कोणी उघडले यावरून. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातील यादवीमुळे सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे निर्वासित-साहाय्याचे जादा तिकीट लावावे लागे. पाच पैशांनी कुणाचे घर उभे राहते? पण ज्याला झळ लागली नाही, तोही काही देणे लागतो, हे ते तिकीट घरोघर सांगून गेले. आपण वाचलो यात आपले पुण्य काही नाही. रेघ दुसरीकडून गेली, इतकेच.

घंटा झाली तरी तो मुलगा उभाच होता. "गुरुजी, तुम्ही सांगितली असती का आमची नावे?"

'छे!' असे मी म्हणणार होतो, पण जीभ अडखळली. त्या काळी नावे सांगणारे सगळेच काही दुष्ट नव्हते. पुष्कळसे नुसते भ्यालेले होते. मीही काही मोठा शूर नव्हे. धैर्य ऐन वेळी आणू म्हटल्याने येत नाही. त्याची सवय आधी रोजच्या वागण्यात लागते.

आमच्या आजीची एक रीत होती. दारी कोणीही येवो, ती आधी तांब्याभर पाणी पुढे करी आणि मग नावगाव विचारी. हे मी त्या मुलाला सांगितले. त्याच्या प्रश्नाला ते उत्तर पुरेसे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण यंदा फराळाचे ताट घेऊन दाराशी जाताना तुम्हीही हा क्रम आठवून पाहा. तो जिथे उलटा होतो, तिथेच यादवीचे गवत उगवू लागते.