काय हलवावे?

छायाचित्रणाची सगळी कला ‘हलू नका’ या दोन शब्दांवर उभी आहे. स्टुडिओतला फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून हे शब्द उच्चारी आणि भलाभला दांडगा मनुष्य श्वास रोखून बसे. आता काढून झालेल्या फोटोलाच हलवायची विद्या निघाली आहे. सिनेमाग्राफ म्हणतात तिला. चित्र आपलं स्थिर असतं; त्यातली एखादीच गोष्ट, चहाची वाफ किंवा पदराचं टोक, तेवढी हलत राहते.

ही विद्या आमच्या जळकोटातही पोचली. (जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. लातूर जिल्ह्यातलं जळकोट वेगळं. ते तालुक्याचं गाव, म्हणून आमचे पाहुणे आधी तिथं उतरतात.) माझा भाचा पावसाळ्यात शेजारच्या नळदुर्गाला गेला. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबा कोसळत होता. मोबाइल दगडाला टेकवून त्यानं दहा फोटो काढले. घरी येऊन एक खाली अंथरला, बाकीचे वर रचले आणि पाणी तेवढं ठेवून वरच्या नऊंतलं उरलेलं सारं पुसून टाकलं. दहावं चित्र पहिल्याला असं जुळवलं, की सांधा दिसू नये. अखेरची शिल्लक आणि आरंभीची शिल्लक तंतोतंत! बँकेतल्या कारकुनाला यापलीकडचं सौंदर्य ठाऊक नसतं. १९८७ साली अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं काढलेल्या जीआयएफ या प्रकारात एका चित्राला फार तर २५६ रंग मिळतात. आमच्याकडे पावसाळा सोडला तर एवढे लागतही नाहीत.

आता प्रश्न असा, की बोरी नदी आटली तरी भाच्याच्या मोबाइलमध्ये भर मे महिन्यात धबधबा चालूच. हे खोटं की खरं? माझ्या मते खरं. कारण ते पाणी त्या दिवशी पडत होतं आणि दहा फोटो त्याचे साक्षीदार आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली दुसरं काय केलं? कुंडीत वाटाणा लावला, उगवत्या रोपाची एकेक चौकट थांबून थांबून टिपली आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता दाखवली. ते पाहून भांडवल देणारा भेटला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दाखवायला काय, तर वाटाण्याचं रोप! असला अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो पीककर्जात घातला असता. पण रोप खरोखर वाढलं होतं. दर चौकटीला पावती होती.

मग भाच्याची नजर भिंतीवरच्या अण्णांकडे गेली. “मामा, आजोबांना हलवू का?” एकाच फोटोवरून पापणी लववणारी यंत्रं आता निघाली आहेत. मी ‘नको’ म्हणेपर्यंत अण्णांनी पापणी लववली आणि चक्क स्मित केलं. उभ्या जन्मात अण्णांनी फोटोग्राफरला कधी स्मित दिलं नव्हतं. ते त्यांचं तत्त्व होतं.

बँकेत खातेदार वारला, की त्याच्या सहीचे व्यवहार थांबतात. वारसाला शिल्लक मिळते. सही करायचा हक्क मिळत नाही. अण्णांचा फोटो ही आमची शिल्लक. स्मित ही त्यांची सही. ती भाच्यानं परस्पर ठोकलेली! मी हे सगळं कलमवार सांगायला तोंड उघडलं, तर मोबाइल आईच्या हातात. तिनं बराच वेळ पाहिलं.

“असे हसत नव्हते ते,” ती म्हणाली. आणि तरी मोबाइल परत देईना.

या ‘तरी’ला आमच्या नियमावलीत कलम नाही. फसवणूक म्हणावी, तर फसलेलं कुणीच नाही. आईला खोटं पुरतं कळलं होतं आणि तिला ते हवंही होतं. मग मी कोण सही नामंजूर करणारा?

तरीही माझा निकाल ऐका. जे तेव्हा हलत होतं, तेच हलवावं. पाणी हलवा, पदर हलवा, निरांजनाची ज्योत हलवा. आणि जी माणसं आज घरात हलताबोलताहेत, त्यांचे एकाऐवजी दहा-दहा फोटो आत्ताच काढून ठेवा, म्हणजे पुढं यंत्राला त्यांचं हसू बनवावं लागणार नाही.

निकाल मी दिला आहे. अंमलबजावणीचं सांगता येत नाही, कारण मोबाइल अजून आईकडेच आहे.